अंश सगळे सांगतात, छेद विचारा : साथीत गावाचा धोका कसा मोजतात

"आपल्या गावात किती निघाले?" २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, विदर्भातल्या कोणत्याही पारावर बसलं की हाच प्रश्न कानी यायचा. "चार निघाले" असं कोणी सांगितलं की पुढचा तासभर त्या चारांवरच जायचा. पण किती जणांची तपासणी झाली आणि त्यातले चार? किती वस्तीत चार? एकाच घरातले चार, की चार वेगवेगळ्या मोहल्ल्यांतले? हे विचारणारं माणूस क्वचित भेटायचं. अंश सगळ्यांना पाठ होता, छेद कोणालाच ठाऊक नव्हता.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यक होतो. गावांचे तक्ते भरण्यात आणि ते तालुक्याला पाठवण्यात माझी बरीच वर्षं गेली. नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक, आशाताई आणि सरपंच यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिल्ह्याचं पत्रक वाचून काहीच हाती लागत नाही अशा वाचकालाही ते उपयोगी पडेल. उदाहरणं कोरोनाची आहेत, कारण ती आपण सगळ्यांनी भोगली आहेत. पुढची साथ फ्लूची असो की आणखी कशाची, गणित फारसं बदलत नाही.

पायरी १ : रोगाआधी माणसं मोजा

सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० लोकसंख्या असते, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,०००. उपकेंद्राकडे ५,००० किंवा ३,००० आणि एका आशाकडे हजाराच्या आसपास. कागदावर हे नीट दिसतं. पण कोरोना आला तेव्हा हाताशी असलेली जनगणना २०११ ची होती. नऊ वर्षांत काही गावं फुगली होती, काही रिकामी झाली होती.

म्हणून छेदासाठी आशाची कुटुंब सर्वेक्षणाची वही घ्या. तिच्यात प्रत्येक घरापुढे तीन रकाने आखा: आज गावात किती, बाहेर गेलेले किती, बाहेरून आलेले किती. आपल्याकडे हा आकडा हंगामाप्रमाणे हलतो. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामाला कुठेही गेलेली असली तरी होळीला घरी येतात. भंडारा-गोंदियात रोवणीच्या दिवसांत मजुरांच्या टोळ्या एका गावातून दुसऱ्या गावात फिरतात. होळीच्या आठवड्यातलं धारणी तालुक्यातलं गाव आणि डिसेंबरमधलं तेच गाव यांची लोकसंख्या सारखी नसते. बाहेरून आलेल्यांचा रकाना पुढे आणखी एका कामी येतो: रोग गावात कोणत्या वाटेने शिरला हे शोधायला.

पायरी २ : नावांची यादी, आणि तीत तीन तारखा

प्रत्येक रुग्णाची एक ओळ. तिला आम्ही लाइन लिस्ट म्हणायचो. वय, मोहल्ला, कोणाच्या संपर्कातला आणि तीन तारखा: लक्षणं कधी सुरू झाली, नमुना कधी घेतला, अहवाल कधी आला.

तीन तारखा कशाला, असं दर वेळी कोणीतरी विचारायचंच. त्याचं कारण प्रयोगशाळेत होतं. सुरुवातीला विदर्भातले नमुने मोजक्याच ठिकाणी जायचे. पुढे नागपूर, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ, अमरावती इथे सोय झाली. अमरावतीत तर विद्यापीठानेही प्रयोगशाळा उभी केली. तरी लाट आली की नमुन्यांचा ढीग लागायचा. चार दिवसांचे अहवाल एकदम एका संध्याकाळी यायचे. अहवालाच्या तारखेने आलेख काढला तर तीन दिवस शांत आणि चौथ्या दिवशी स्फोट! गावात प्रत्यक्षात तसं काहीच घडलेलं नसायचं. नमुना घेतल्याच्या तारखेने काढलात तर खरी चढण दिसते, आणि लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेने काढलात तर त्याहून खरी.

रोजच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. रविवारी नमुने कमी, सोमवारी जास्त, बाजाराच्या दिवशी आणखी वेगळे. सात दिवसांची बेरीज धरा आणि मागच्या सात दिवसांशी ताडून पाहा.

पायरी ३ : लाखामागे किती, आणि हा आकडा गावाला का लावू नये

सूत्र सोपं आहे. आठवड्यातले नवे रुग्ण भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. ३०,००० वस्तीच्या आरोग्य केंद्रात आठवड्याला २१ रुग्ण असतील तर लाखामागे ७०. शेजारचं केंद्र २०,००० वस्तीचं असून तिथे १८ रुग्ण असतील तर लाखामागे ९०. रुग्ण तिथे कमी, प्रादुर्भाव मात्र जास्त. दोन भागांची तुलना फक्त याच आकड्यावर करता येते.

आता हेच सूत्र १,८५० वस्तीच्या गावाला लावा. चार रुग्ण म्हणजे लाखामागे २१६. आणखी एक सापडला की थेट २७०. एका माणसाने ५४ ची उडी! कोणी तरी हा आकडा वाचून दाखवतो आणि गाव हादरतं. छोट्या वस्तीत एखाद-दुसरा रुग्ण योगायोगानेही वाढतो किंवा घटतो. म्हणून लाखामागचा दर आरोग्य केंद्राच्या किंवा तालुक्याच्या पातळीवरच काढावा. गावाच्या पातळीवर दर काढू नये, साखळी बघावी. ते पाचव्या पायरीत येतं.

उलट्या दिशेचीही एक चूक होते. जिल्ह्याच्या सरासरीत अमरावती शहरही असतं आणि चिखलदऱ्याचा पाडाही. सरासरी खाली आली म्हणून पाड्यावरची साथ ओसरली असं होत नाही. जिल्ह्याचा आकडा पालकमंत्र्यांच्या बैठकीसाठी ठीक आहे. आशाताईला तिच्या आरोग्य केंद्राचा आकडा लागतो.

पायरी ४ : पॉझिटिव्हिटी. इथे सगळ्यात जास्त फसगत होते

केलेल्या तपासण्यांपैकी शेकडा किती बाधित निघाले, ती पॉझिटिव्हिटी. तीन आठवडे घेऊ.

पहिला: २०० तपासण्या, १२ बाधित, म्हणजे ६ टक्के.
दुसरा: ५०० तपासण्या, २० बाधित, म्हणजे ४ टक्के.
तिसरा: ८० तपासण्या, १२ बाधित, म्हणजे १५ टक्के.

पारावरची चर्चा दुसऱ्या आठवड्याला घाबरेल, कारण १२ चे २० झाले. तिसऱ्या आठवड्यात ती सुस्कारा सोडेल, कारण २० चे १२ झाले. माझ्या लेखी काळजी करण्यासारखा आठवडा तिसराच. तपासण्या आटल्या आहेत, आणि जे थोडे लोक तपासायला आले त्यांच्यातला दर सातावा माणूस बाधित आहे. घरी बसलेले किती असतील?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये ५ टक्क्यांची रेघ सुचवली होती. पॉझिटिव्हिटी सलग दोन आठवडे त्याखाली असावी, ही साथ आटोक्यात आल्याच्या खुणांपैकी एक. पण तिला अट होती: तपासण्या पुरेशा हव्यात. दर हजार लोकांमागे आठवड्याला निदान एक, असं ते प्रमाण. ३०,००० च्या केंद्राला आठवड्याला किमान ३०. त्याहून कमी नमुने असतील तर टक्केवारी लिहायचीच नाही. त्या रकान्यात 'तपासणी अपुरी' असं लिहायचं. कोरा रकाना ठेवला तर वरच्या टेबलावर तो शून्य म्हणून वाचला जातो. ही सवय एवढी एक लावून घेतली तरी बराच अनर्थ टळतो.

दुसरी फसगत किटची. रॅपिड अँटिजेन तपासणी वीस-तीस मिनिटांत निकाल द्यायची आणि खेड्यात तिचा मोठा आधार होता. तिने 'बाधित' म्हटलं तर ते जवळपास खात्रीचंच. 'बाधित नाही' म्हटलं तर नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये तिला परवानगी दिली, तेव्हाच्या चाचण्यांत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणजे बाधितांपैकी निम्म्यापर्यंत माणसं हातून निसटू शकत होती. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आलेल्या माणसाची प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर करायचीच, असा नियम त्यामुळेच होता.

आता हे गणित बघा. समजा एका तालुक्यात तापाच्या १०० रुग्णांची आरटी-पीसीआर झाली आणि १४ बाधित निघाले. त्याच आठवड्यात दुकानं उघडण्याआधी ४०० दुकानदारांची अँटिजेन झाली आणि ६ निघाले. दोन्ही एकत्र केले तर ५०० मध्ये २०, पॉझिटिव्हिटी ४ टक्के, तालुका मोकळा. आरटी-पीसीआरच धरली तर १४ टक्के, तालुका धोक्यात. आकडे खोटे कोणी लिहिले नाहीत, फक्त छेद फुगला. असं घडताना मी पाहिलं आहे. बाजारपेठ बंद राहू नये म्हणून धडपडणारी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांच्या पोटाची काळजी खरी होती. पण छेद फुगवून मिळवलेल्या सवलतीची किंमत पुढच्या पंधरवड्यात ऑक्सिजनच्या खाटांवर मोजावी लागते.

राज्याच्या नियमातही पुढे बदल झाला. ४ जून २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्रात निर्बंधांचे पाच स्तर ठरले. पहिल्या स्तरासाठी पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या. दुसऱ्यासाठी पॉझिटिव्हिटी तितकीच, खाटा २५ ते ४० टक्के. तिसरा स्तर ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० च्या वर. चौथा १० ते २० किंवा खाटा ६० च्या वर. पाचवा २० च्या वर किंवा खाटा ७५ च्या वर. दर आठवड्याला आकडे पाहून स्तर ठरायचा. मग २५ जून २०२१ ला नवा आदेश आला की पॉझिटिव्हिटी फक्त आरटी-पीसीआरवर मोजायची. वरचं उदाहरण पुन्हा वाचलंत तर या आदेशाची गरज का पडली ते कळेल.

त्या स्तरांमधले 'आणि' व 'किंवा' नीट बघा. सवलत हवी तर दोन्ही अटी पाळायच्या, बंधन यायला एक अट मोडली तरी पुरे. धोका मोजणाऱ्याने असंच राहायला हवं. चांगल्या बातमीला दोन पुरावे मागावेत, वाईट बातमीला एक पुरतो.

पायरी ५ : वेग आणि साखळी

वेग काढायला संगणक लागत नाही. या आठवड्याचे रुग्ण भागिले मागच्या आठवड्याचे. १० चे १४, १४ चे २० झाले तर गुणक १.४, आणि त्या गतीने साधारण दोन आठवड्यांत रुग्ण दुप्पट. रोजच्या वाढीची टक्केवारी हाताशी असेल तर ७० ला तिने भागा. रोज ५ टक्के वाढ म्हणजे १४ दिवसांत दुप्पट, १० टक्के म्हणजे ७ दिवसांत. गुणक एकच्या वर गेला की आकडा लहान असला तरी तयारीला लागायचं. दोनाचे चार होताना कोणी लक्ष देत नाही आणि चौसष्टचे एकशे अठ्ठावीस होताना कोणाला काही करता येत नाही.

गावासाठी मात्र माझा सगळ्यात विश्वासाचा आकडा दुसराच आहे. या आठवड्यातल्या नव्या रुग्णांपैकी किती जण आधीच आपल्या संपर्क-यादीत, म्हणजे जुन्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांच्या यादीत होते? दहापैकी आठ असतील तर साखळी आपल्या मुठीत आहे: रोग कोणाकडून कोणाकडे चालला ते दिसतंय. दहापैकी तीनच असतील तर उरलेले सात कुठून आले ते आपल्याला माहीत नाही. गावात न दिसणारा संसर्ग फिरतोय. अशा वेळी रुग्ण दहाच आहेत म्हणून गप्प बसू नका.

यासाठी गावाचा हाताने काढलेला नकाशा भिंतीवर लावा आणि घरांवर टिकल्या लावत जा. एका घरातल्या पाच टिकल्या आणि पाच मोहल्ल्यांतल्या पाच टिकल्या यांतला फरक त्या भिंतीवर ज्या वेगाने कळतो, तसा कोणत्याच ॲपवर कळत नाही. हा नकाशा कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर हवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नको. फळ्यावर फक्त आकडे, नाव नाही, घर नाही. ज्या गावात रुग्णाच्या दाराला बल्ल्या ठोकल्या गेल्या, त्या गावात पुढच्या घराने ताप लपवला.

पायरी ६ : जे तपासायला आले नाहीत, ते कसे मोजायचे

नियमाने उपकेंद्रातून लक्षणांचा एस फॉर्म, डॉक्टरांकडून संशयित रुग्णांचा पी फॉर्म आणि प्रयोगशाळेकडून खात्री झालेल्यांचा एल फॉर्म वर जातो. २००४ पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची ही घडी. एप्रिल २०२१ मध्ये नव्या स्वरूपातली ऑनलाइन नोंद देशभर सुरू झाली. यात सगळ्यात आधी हलतो तो एस फॉर्म. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, सोबत खोकला, दहा दिवसांच्या आतला, अशी फ्लूसदृश आजाराची व्याख्या आहे. असे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले की प्रयोगशाळेच्या आधी उपकेंद्राला कळतं. अट इतकीच की 'नेहमी' म्हणजे किती ते लिहून ठेवलेलं असावं. पावसाळ्यात गडचिरोलीत मलेरिया, नागपूरकडे डेंग्यू आणि स्क्रब टायफसही. ताप तर दर वर्षी असतो. मागच्या तीन वर्षांचा त्याच महिन्याचा आकडा शेजारी नसेल तर यंदाचा आकडा मुका आहे.

आणि घरोघरी विचारायचं कसं? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन पथकं दारोदार फिरली. काम प्रचंड झालं. पण प्रश्नाला मिळणारं उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असतं, हे मला एका आशाताईने दाखवलं. कापूस वेचणीचे दिवस होते. एका दारात मी विचारलं:

"काकाजी, घरात कोणाले ताप-खोकला?"

"कोणालेच नाही साहेब. समदे ठणठणीत."

मी पुढे निघालो. ताई मागे थांबली.

"काकाजी, या हप्त्यात वेचणीले कोण नाही गेलं तुमच्या घरचं?"

"सून नाही गेली न माय. आंग दुखून रायलं म्हणे तिचं. अन् बुढीले कायचीच चव नाही लागून रायली. काल पातोडी केली तं तिनं ताट बाजूले सारलं."

त्या घरात तीन जण बाधित निघाले. 'ताप आहे का' या प्रश्नात त्या काकाजींना रुग्णवाहिका आणि शाळेतलं विलगीकरण दिसत होतं. वेचणीच्या प्रश्नात काहीच भीतीचं नव्हतं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर मी पेन्सिलने एक रकाना वाढवला: कामावर न गेलेले. सरकारी नमुन्यात तो नाही, पण घालून बघा.

औषध दुकानात पॅरासिटामॉलचं पाकीट किती खपलं, किराणा दुकानात तापाच्या गोळ्या किती गेल्या, हेही आठवड्याला विचारावं. गावात सलाईन लावणाऱ्या खासगी डॉक्टरांशी बोलणं तुटू देऊ नका. त्यांच्या पदवीचा प्रश्न वेगळ्या टेबलावर सोडवा. साथीत पहिला तापकरी त्यांच्याच ओट्यावर बसलेला असतो.

मग मरण. हा आकडा लपत नाही, उशिरा मात्र येतो. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. अठराशे वस्तीच्या गावात वर्षाला साधारण दहा-बारा मृत्यू होतात, म्हणजे महिन्याला एक. ३०,००० च्या केंद्रात महिन्याला पंधराच्या आसपास. पंधराचे तीस झाले आणि कोरोनाचे म्हणून चारच नोंदले असतील, तर उरलेल्या अकरांचा शोध घ्यायलाच हवा. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल या तिघांकडून दर आठवड्याला तोंडी आकडा घ्या, दाखल्याची वाट पाहू नका. तेरवीच्या पंगती किती झाल्या हे गावाला माहीतच असतं.

न दिसणारा संसर्ग किती मोठा असू शकतो, याची कल्पना देशपातळीवरच्या रक्त तपासण्यांनी दिली. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये २१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) सापडली होती. जून-जुलै २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांत. लस तोवर आली होती तरी एवढी झेप मुख्यतः दुसऱ्या लाटेची.

पायरी ७ : झळ कोणाला आणि मदत किती लांब

इथवर मोजलं ते रोगाचं पसरणं. तेवढाच रोग दोन गावांत पसरला तरी दोन्ही गावांचा धोका सारखा नसतो.

आशाताईच्या वह्यांतून प्रत्येक गावासाठी काढा: साठीच्या पुढचे किती, मधुमेह आणि रक्तदाबाचे किती, क्षयरोगाचं औषध चालू असलेले किती, गरोदर माता किती, सिकलसेलचे रुग्ण किती. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेलची नोंद विसरू नका, शहरी तक्त्यांत तिला रकाना नसतो. तीस वर्षांवरच्यांची असंसर्गजन्य आजारांची यादी आशाकडे आधीच असते, नवं सर्वेक्षण नको. एका खोलीत सहा जण राहतात अशी घरं किती, हेही लिहा. अशा घरात 'वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला नुसता कागद आहे.

नंतर अंतर. ते किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा. गावातून चालू असलेल्या, सिलिंडर भरलेल्या ऑक्सिजनच्या खाटेपर्यंत किती मिनिटं? १०८ ला फोन लावल्यापासून गाडी दारात यायला किती? मोबाइलची रेंज कुठे मिळते? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जुलैमध्ये तिथल्या गावाचा धोका मार्चपेक्षा वेगळा असतो, रुग्ण तितकेच असले तरी.

खाटा मोजताना नागपूरही बघा. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटचे गंभीर रुग्णही नागपूरलाच येतात. तिथल्या खाटा भरल्या की तुमच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवायची वाट बंद झाली. हा आकडा रोज विचारा. रुग्ण वाढल्यावर भरती वाढायला एक-दोन आठवडे लागतात, मृत्यू वाढायला आणखी काही. भरती कमी आहे म्हणून आज निवांत बसणारा पंधरा दिवस जुनं गाव पाहत असतो.

पायरी ८ : तीन रकाने, तीन रंग, आणि बेरीज नको

आता प्रत्येक गावापुढे तीन रकाने: पसरण (रोग किती पसरला), झळ (जास्त धोक्यातली माणसं किती), पोच (मदत किती लांब). प्रत्येकात हिरवा, पिवळा किंवा लाल. पसरण दर आठवड्याला बदलेल, झळ महिन्याला तपासली तरी चालेल, पोच पावसाळ्यापूर्वी आणि नंतर.

बऱ्याच ठिकाणी या तिन्हींना गुण देऊन बेरीज करतात आणि गावाला एकच आकडा चिकटवतात. मला ते पटत नाही. पसरण लाल आणि पोच हिरवी असलेल्या हमरस्त्यावरच्या गावाला तपासणीचं शिबिर हवं. पसरण पिवळी पण पोच लाल असलेल्या पाड्याला आजच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि उभी गाडी हवी. बेरीज दोघांची सारखीही येऊ शकते आणि मग दोघांनाही चुकीची गोष्ट पाठवली जाईल. तीन रंग वेगळे ठेवा. एकच रंग सांगावा लागला तर सगळ्यात वाईट तो सांगा.

शेजारी गर्दीचं कॅलेंडर लावा: आठवडी बाजार कोणत्या वारी आणि तिथे किती गावांची माणसं येतात, लग्नतिथी, भागवत सप्ताह, पोळा, महुआ आणि तेंदूपत्त्याचा हंगाम, निवडणूक. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतीचं मतदान झालं, त्यामागोमाग लग्नसराई. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण चढू लागले. अमरावती आणि अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी आली. केवळ निवडणूक आणि लग्नांनी ते घडलं असं मी म्हणणार नाही, कारण विषाणूही बदलला होता. त्यातले ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल केंद्र सरकारने २४ मार्चला जाहीर केले. विषाणूच्या या नव्या रूपांना कप्पा, डेल्टा ही नावं तर ३१ मे २०२१ ला पडली. आठवड्याचा गुणक काढणाऱ्या आरोग्य सेवकाला काहीतरी वेगळं घडतंय हे फेब्रुवारीतच दिसत होतं. घरातला एक बाधित झाला की सगळं घर झोपत होतं, आधीच्या लाटेत तसं नव्हतं. हे निरीक्षण आकडा नसलं तरी तक्त्याच्या खाली 'शेरा' म्हणून एक ओळ लिहायला जागा असते. ती ओळ लिहा. एका तालुक्यात ती लिहिली गेली आणि वर कोणी वाचली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पायरी ९ : सरपंचाने काय विचारावं, बंधन कधी उतरवावं

दर आठवड्याला एक दिवस ठरवा. आमच्याकडे गुरुवार होता, कारण शुक्रवारी बाजार. वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, आशा, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच, अर्धा तास. सरपंचांनी एवढंच विचारावं: किती तपासले आणि कोणत्या किटने? नवे रुग्ण कोणाच्या संपर्कातले? मागच्या आठवड्याशी गुणक किती? ताप घेऊन घरी बसलेले किती? ऑक्सिजनची खाट आज कुठे रिकामी आहे? यातल्या एकाचंही उत्तर 'माहीत नाही' असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत ते आणायला कोण जाणार, त्याचं नाव तिथेच लिहायचं.

बंधन चढवताना एका आठवड्याची वाढ पुरे. उतरवताना सलग दोन आठवडे मागा: गुणक एकच्या खाली, तपासण्या किमान संख्येच्या वर, नवे रुग्ण बहुतेक संपर्क-यादीतले. आणि लाट ओसरली म्हणून तापाचे नमुने बंद करू नका. शंभर तापांमागे पाच का होईना, पाठवत राहा. पहिली लाट ओसरल्यावर किट धूळ खात पडली आणि फेब्रुवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात झाली, असं मी एका ठिकाणी पाहिलं.

राहिली वही. लाइन लिस्ट, टिकल्यांचा नकाशा, तीन रंगांचा तक्ता, पेन्सिलचा रकाना, सगळं एका फाइलीत बांधा. वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली होते, कंत्राटी कर्मचाऱ्याचा करार संपतो आणि फाइल कोणाच्या तरी मोटारसायकलच्या डिकीतून नाहीशी होते. नावं झाकून एक झेरॉक्स प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, मूळ प्रत आरोग्य केंद्रात. वर मोठ्या अक्षरात वर्ष घाला आणि त्या वर्षी 'नेहमीचा' ताप महिन्याला किती होता, तो आकडा पहिल्याच पानावर लिहा.